कुडपणचा मुलगा आणि बिनइंजिनाचे विमान

कचेरीत मी हिशेबाच्या टेबलावर बसतो. पगारपत्रके, प्रवासभत्ते, भविष्य निर्वाह निधीचे उतारे यात दिवस जातो. संध्याकाळी आणि रविवारी वाडीवस्तीवरच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणे, जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले यासाठी तहसीलला खेपा घालणे हे चालू असते. अशा माणसाने "मी एकट्याने विमान चालवले आहे" असे सांगितले तर समोरचा आधी हसतो, मग विचारतो, "कुठलं हो?" इंजिन नसलेले, असे मी म्हणालो की तो पुन्हा हसतो. पण गोष्ट खरी आहे. माझ्या कपाटात निळ्या पुठ्ठ्याचे एक लॉगबुक आहे. त्यात 112 उड्डाणांची नोंद आहे. वेळेची बेरीज 11 तास 20 मिनिटे. त्या अकरा तासांपेक्षा ज्यांनी ते मला मिळवून दिले त्या माणसांविषयी लिहावे असे फार दिवस मनात होते.

आमचे कुडपण पोलादपूर तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी कुशीत. पावसाळ्यात तिथे धुके इतके दाट की शेजारच्या घरातला कंदील दिसत नसे. भातखाचरे थोडी, नाचणी-वरीचे उतार जास्त. लहानपणी आम्ही गुरे घेऊन सड्यावर जात असू. दुपारी कड्याच्या तोंडाशी गिधाडे फिरताना दिसायची. पंख पसरलेले, फडफड नाही, आणि तरी वर वर चाललेली. सकाळी ती कड्याच्या कपारीत अंग फुगवून बसत. दहा-अकरा वाजले, दगड तापला, की एकेक सुटे. ढगाळ दिवशी मात्र उशीरच. हे आम्हा गुराख्यांना तोंडपाठ होते. याला कोणी ज्ञान म्हणेल असे मात्र कधी वाटले नव्हते.

बारावीनंतर 1996 साली मी पुण्याला आलो. आत्या हडपसरला राहत होती. तिच्या यजमानांना आम्ही मामा म्हणत असू, ते औद्योगिक वसाहतीत कामाला होते. दोन खोल्या, त्यांची तीन मुले, आणि त्यात मी. सकाळी कॉमर्सचे कॉलेज, दुपारी एका दुकानाची वही लिहायचे काम. एका रविवारी मामांनी सायकलवरून सामान आणायला पाठवले. वाटेत पाहतो तर एक पांढरे, लांब पंखांचे यान डोक्यावरून अगदी गुपचूप गेले. आवाज नाही. फक्त वाऱ्याची बारीक शीळ. मी सायकल कुंपणाला टेकवली आणि उभाच राहिलो. सामान त्या दिवशी संध्याकाळी घरी पोचले, आत्याने चांगलेच सुनावले.

ते हडपसरचे ग्लायडिंग सेंटर. केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे. स्वातंत्र्यानंतर तरुणांना उडण्याची गोडी लागावी म्हणून सरकारने अशी केंद्रे काढली, त्यातले हे एक. सरकारी म्हणूनच तिथला दर सामान्य माणसाच्या हिशेबात बसणारा होता. मोटरच्या विमानाचा तास घ्यायचा तर मामांचा महिन्याचा पगार पुरला नसता. इथे मात्र दुकानाच्या वहीवर मिळणाऱ्या पैशांतून आठवड्याला एक, फार तर दोन लाँच जमत होते.

पहिल्या दिवशी टेबलाशी बसलेल्या सरांनी माझा अर्ज वाचला. पन्नाशीचे, उन्हाने रापलेले, डोक्यावर कापडी टोपी. माझ्या अंगात मामांचा जुना सदरा, पायात रबरी चप्पल. आजवर कुठेही नाव सांगितले की पुढचा प्रश्न आडनावाचा असायचा, आणि आडनाव कळले की समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलायचे. आपल्या वाचकांना हे फोड करून सांगायला नको. सरांनी पत्त्यावर बोट ठेवले. म्हणाले, "कुडपण. म्हणजे घाटमाथ्याखाली. तिथे गिधाडं असतील. दुपारी कुठल्या बाजूला फिरतात रे?"

मी सांगितले की सकाळी उन्हाच्या अंगाला, तिसऱ्या प्रहरी मावळतीकडच्या कड्याला, आणि वारा समुद्राकडून जोराचा असला तर दिवसभर कड्याच्या तोंडावर. सरांनी पेन खाली ठेवले. शेजारच्या दोन शहरी मुलांना हाक मारून म्हणाले, "ऐका, हा काय सांगतोय. पुस्तकात हेच तुम्ही वीस पानं वाचणार आहात."

त्या वाक्याने माझे काय झाले ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

ग्लायडरचे तत्त्व समजायला सोपे आहे. इंजिन नसल्यामुळे ते हवेत सतत हळूहळू खाली येत असते, आणि खाली येता येताच पुढे सरकते. वर न्यायला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच असतो. विंच म्हणजे मोठे इंजिन आणि त्यावर पोलादी दोर गुंडाळणारा ढोल. दोराचे टोक ग्लायडरच्या पोटाखालच्या हुकात अडकवायचे. विंच ओढू लागला की पतंगासारखे ते वर चढते. तीनशे मीटरच्या आसपास गेल्यावर दोर सोडून द्यायचा. तिथून पुढे तुम्ही आणि हवा.

सरांनी हे मला माझ्याच भाषेत शिकवले. "तू कॉमर्सचा ना? मग उंची म्हणजे बँकेतली शिल्लक समज. दर सेकंदाला साधारण एक मीटर खर्च होतोय. तीनशे मीटर शिल्लक, म्हणजे किती वेळ?" मी म्हणालो, "पाच मिनिटं." "आणि कर्ज कोणी देणार नाही. धावपट्टीवर परत यायला लागेल तेवढी रक्कम बाजूला काढून मगच बाकीची उधळायची." इंग्रजी शब्दांची मला धास्ती होती. सगळी उपकरणे, सगळे हुकूम इंग्रजीत. सर मागच्या सीटवरून मराठीत बोलत. नाक खाली. वेग बघ. दोरा बघ. दोरा म्हणजे समोरच्या काचेवर चिकटवलेला लोकरीचा चार बोटांचा तुकडा. ग्लायडर तिरके घसरत असेल तर तो वाकडा होतो, सरळ चालले असेल तर सरळ राहतो. आकाशात जायच्या यंत्रावर लोकरीचा तुकडा पाहून मला हसू आले होते. सर म्हणाले, "किमतीवर जाऊ नकोस. इतका खरं बोलणारा दुसरा कोणी या कॉकपिटमध्ये नाही, मी धरून."

माझे वजन तेव्हा सत्तेचाळीस किलो होते. पुढच्या सीटवर ठराविक वजन नसेल तर ग्लायडरचा तोल बिघडतो, म्हणून हलक्या माणसाच्या सीटखाली शिशाच्या वजनांची भर घालतात. पहिल्यांदा ती आणली तेव्हा काही मुले हसली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. सरांनी स्वतः ती वजने बसवली, स्क्रू आवळले आणि मोठ्याने म्हणाले, "चांगलं आहे. हलका वैमानिक जास्त वेळ वर राहतो." हे शास्त्रात कितपत बसते यावर वाद घालता येईल. पण हसणे थांबले, आणि पुढे त्यातलाच एकजण माझा चांगला मित्र झाला.

ग्लायडिंगमध्ये कोणी एकटा उडत नाही, ही गोष्ट बाहेरून दिसत नाही. पाच मिनिटे वर राहण्यासाठी चार-पाच माणसे उन्हात राबतात. उतरलेले ग्लायडर ढकलत परत आणायचे. एकाने पंखाचे टोक हातात धरून सपाट ठेवायचे आणि सुटले की चार पावले सोबत धावायचे. एकाने निशाण दाखवून विंचला इशारा करायचा. कोणी दोर ओढून आणायचा. डॉक्टरचा मुलगा असो की माझ्यासारखा, पाळी सगळ्यांना सारखी. पाण्याचे पिंप एक, पेला एक. मला ते पहिले काही आठवडे फार जाणवत असे. नंतर जाणवेनासे झाले.

विंचवर एक काका होते. त्यांच्याविषयी दोन शब्द जास्त लिहितो, कारण उडणाऱ्यांच्या गप्पांत त्यांचे नाव क्वचितच येई. ते जवळपास किलोमीटरभर लांब, जाळीच्या आड, इंजिनाच्या धगीत बसलेले असत. ग्लायडर त्यांना तिथून बोटाएवढे दिसे. पण दोराच्या ताणावरून वर कोण बसले आहे हे ओळखायचे. नवशिका असला तर हळुवार ओढत. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे जाऊन बसत असे. ते डबा उघडून अर्धी भाकरी न विचारता माझ्या हातावर ठेवीत. एकदा म्हणाले, "तू शेवटी स्टिक जरा जास्त ओढतोस. दोर कुरकुरतो. सोड म्हणून सांगतो तो, ऐकत जा." जमिनीवर बसलेल्या माणसाने माझी हवेतली चूक दोरातून वाचली होती.

आणि एक होते डोकेदुखीवाले आजोबा. सेवानिवृत्त गृहस्थ, रविवारी छंद म्हणून यायचे. लाँचची पावती आधी फाडून ठेवीत. माझ्याकडे महिनाअखेरीला पैसे नसत. मी नुसता पंख धरायला, ढकलायला जाई. अशा वेळी आजोबा कपाळाला हात लावून सरांना म्हणत, "आज डोकं फार दुखतंय हो. पावती तर फाडली. या पोराला बसवा, वाया कशाला घालवता?" सर गंभीर चेहऱ्याने म्हणत, "नियमात बसतं का ते बघावं लागेल," आणि नाव बदलून लिहीत. हे चार-पाच वेळा झाल्यावर मी हिशेब मांडला. हिशेबाची सवयच. डोकेदुखी नेमकी पंचवीस तारखेनंतर आणि फक्त मी असताना व्हायची. एकदा मी त्यांना म्हणालो, "आजोबा, पैसे मी पुढच्या महिन्यात देतो." ते म्हणाले, "डोकेदुखीचे पैसे घेतात का कुठे?" विषय संपला.

1997 च्या एप्रिलमधला एक दिवस लॉगबुकात आहे. त्याच्यासमोर पाचऐवजी एकतीस मिनिटे लिहिली आहेत. दोर सोडला आणि मला सासवडच्या अंगाला एका नांगरलेल्या शेतावर दोन घारी गोल फिरताना दिसल्या. पंख हलत नव्हते. मी सरांना म्हणालो, "सर, तिकडे तापलंय." सर म्हणाले, "मग जा ना. मला काय विचारतोस?" आम्ही शिल्लक खर्च करत तिथे पोचलो. आधी उजवा पंख कोणीतरी खालून उचलल्यासारखा वर आला. मग व्हेरिओमीटरचा काटा शून्य ओलांडून वर गेला. हे उपकरण आपण वर चाललोय की खाली ते दाखवते. मी डावीकडे वळू लागलो तसे सर म्हणाले, "थांब. घार कुठे वळतेय?" "उजवीकडे." "मग आपणही उजवीकडे. जी आधी आली तिची दिशा आपण घ्यायची. हा इथला कायदा आहे." तो खरोखरच ग्लायडिंगचा जगभरचा नियम आहे. एकाच उष्ण झोतात आधी शिरलेला ज्या दिशेने फिरत असेल त्याच दिशेने नंतरच्यांनी फिरायचे, म्हणजे टक्कर होत नाही. नियम आपसात टक्कर टाळायचा, पण सरांनी त्या दिवशी घारीलाही त्याचा मान दिला. आम्ही चढत गेलो. खाली हडपसरची भाजीची शेते, कालवा, वसाहतीचे पत्रे. तीस मिनिटे सर एक अक्षर बोलले नाहीत. फार बोलणाऱ्या माणसाने गप्प बसणे ही केवढी शाबासकी असते!

या विद्येचा इतिहास तसा अलीकडचा. जर्मनीत ऑटो लिलिएन्टालने स्वतः बांधलेल्या पंखांवर दोन हजारांच्या वर झेपा घेतल्या आणि 1896 साली अशाच एका झेपेत पडून त्याचा अंत झाला. राइट बंधूंनी इंजिन बसवण्याआधी ग्लायडरवरच हात बसवला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर मोटरच्या विमानांबाबत बंधने आली, तेव्हा तिथल्या तरुणांनी डोंगरमाथ्यांवरून बिनइंजिनाचे उडणे एवढे वाढवले की ते जगभर पसरले. आपल्याकडे नागरी विमानोड्डाण खात्याच्या तांत्रिक केंद्राने देशी ग्लायडर तयार केले, आणि त्यांची नावे ठेवली नक्षत्रांची. अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर. 1961 साली उडालेल्या रोहिणीत शिकणारा आणि शिकवणारा शेजारी शेजारी बसत. अशी रोहिणी शंभराच्या वर बांधली गेली, आणि देशातल्या कितीतरी वैमानिकांचे पहिले धडे तिच्यात झाले. पुढे 1979 साली आर्द्रा उडाली, ती एनसीसीच्या मुलांसाठी. सर स्वतः रोहिणीत शिकले होते.

एकट्याने उडायच्या आधी सरांनी माझी एक परीक्षा न सांगता घेतली. लाँच अर्ध्यावर असताना मागून त्यांनी दोर सोडला. धाडकन आवाज, समोर नुसते आभाळ, वेग पडू लागलेला. शंभर वेळा घोकलेले हाताने आपोआप केले. नाक खाली, वेग येऊ द्यायचा, समोर जागा आहे का बघायची, सरळ उतरायचे. थांबल्यावर सर एवढेच म्हणाले, "चहा घेऊ."

1998 च्या फेब्रुवारीत एका सकाळी तीन उड्डाणे झाल्यावर सर मागच्या सीटवरून उतरले. रिकाम्या सीटचे पट्टे त्यांनी एकमेकांत घट्ट अडकवले, म्हणजे सुटा पट्टा मागच्या स्टिकमध्ये अडकू नये. मग काचेशी वाकून म्हणाले, "मी नसल्यामुळे हलकं वाटेल. लवकर वर जाईल. घाबरायचं नाही, तुझीच शिल्लक वाढलीय." पंखाचे टोक धरायला डोकेदुखीवाले आजोबा पुढे आले. साठी उलटलेला माणूस चार पावले सोबत धावला. विंचवाल्या काकांनी मला इतके अलगद उचलले की दोर कुरकुरला नाही. वर गेल्यावर सवयीने मी मोठ्याने म्हणालो, "सर, वेग बरोबर आहे ना?" आणि मागे कोणी नव्हते. सहा मिनिटांनी उतरलो. सरांनी पाठीत असा धपका घातला की दोन दिवस दुखत होते. आजोबांनी खिशातून पेढ्यांचा पुडा काढला. म्हणजे आज काय होणार हे त्यांना आधीच ठाऊक होते!

परवान्यापर्यंत मी पोचलो नाही. 1999 ला बीकॉम झालो आणि लगेच महाडला कारकुनाची जागा मिळाली. घरी बाबा थकलेले, पाठची दोन भावंडे शाळेत. ती सोडण्याचा प्रश्नच नव्हता. सरांना सांगायला गेलो तेव्हा शब्द फुटेना. त्यांनी उपदेश केला नाही, हळहळही दाखवली नाही. लॉगबुक मागून घेतले, एकेक ओळ तपासली, खाली बेरीज करून सही केली. म्हणाले, "पक्की नोंद आहे. ही कोणी खोडू शकत नाही."

2004 मध्ये, निवृत्त झाल्यावर, सर एसटीने पोलादपूरला उतरले. त्यांना कुडपणचा कडा बघायचा होता. मी त्यांना घरी नेले. आईने नाचणीची भाकरी आणि कुळथाचे पिठले केले. बाबांना एवढेच माहीत होते की या साहेबांनी पोराला आभाळात नेले होते. काय बोलावे ते त्यांना सुचेना. मग सरांनी ग्लायडरची नावे सांगितली. बाबांचा चेहरा उजळला. "रोहिणी? आमच्यात रोहिणीत धूळपेरणी करतात. मृगाला पाऊस. आर्द्राला आवणाची घाई." सर म्हणाले, "आमच्यातही तसंच. मी रोहिणीत पेरलेला आहे." दोघे म्हातारे तासभर अंगणात बसून नक्षत्रांवर बोलत होते. एक जमिनीची नक्षत्रे सांगत होता, दुसरा आभाळातली. सरांनी जेवलेले ताट स्वतः उचलले, तेव्हा आई दाराआड गेली.

दुसऱ्या दिवशी कड्यावर आम्ही दहा ते चार बसलो. दगड तापला, वारा आला, सगळे होते तसेच होते. गिधाडे मात्र आली नाहीत. एक घार आली आणि गेली. जनावरांना वेदनाशामक म्हणून देत असलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे त्याच सुमारास शास्त्रज्ञांनी शोधले होते. 2006 साली जनावरांसाठी ते औषध बंद झाले. तोवर बहुतेक कडे रिकामे झाले होते. सर दुर्बीण गळ्यात ठेवून बराच वेळ बसले. म्हणाले, "आमचे पहिले गुरू गेले रे."

आता उन्हाळ्याच्या सुट्टीत मी वाडीतल्या मुलांना घेऊन त्याच सड्यावर जातो. पुठ्ठ्याचे आणि थर्माकोलचे ग्लायडर करतो. नाकाला मातीचा गोळा लावून तोल साधतो. कड्याच्या तोंडावर वारा असला की ते पाच-पाच मिनिटे तरंगते. मुले घड्याळ लावतात. मुलींचा हात यात जास्त हलका आहे, हे मी दरवर्षी पाहतो. मोठ्या मुलांना सांगतो की महाविद्यालय निवडताना एनसीसीची हवाई शाखा आहे का ते विचारा. तिथे आता बहुतेक ठिकाणी ग्लायडरऐवजी मायक्रोलाइट असते, पण दार तेच आहे. शिकाऊ ग्लायडर वैमानिकाच्या परवान्याला वयाची अट सोळा वर्षांची, हेही सांगतो. पालकांना मात्र पटवावे लागते. "पडला म्हणजे?" हा पहिला प्रश्न. "खर्च किती?" हा दुसरा. पहिल्याला माझ्याकडे लॉगबुक आहे, ते पुढे करतो.

दुसऱ्यासाठी हा लेख. यंदा आमच्या भागातली दोन मुले, एक मुलगा आणि एक मुलगी, बारावीनंतर शहरात शिकायला जायची आहेत. दोघांनाही हवाई शाखेत जायचे आहे. गुण चांगले आहेत. बूट, बसभाडे आणि पहिल्या वर्षाची खोली एवढाच प्रश्न आहे. वाचकांपैकी कोणाचे महिनाअखेरीला डोके दुखत असेल, तर मला कळवावे.